शेवटचा फर्मा

"थांब," वकीलसाहेब म्हणाले. "असं पुस्तकात काहीच नाही."

रखमाजी बोलता बोलता थांबला. तो खिडकीच्या गजांबाहेर उभा होता, रस्त्यावर. आम्ही आत होतो. समितीचे पाच जण गादीवर आणि मी कोपऱ्यात, मेजाशी, रजिस्टर उघडून. पाऊण तास तो एका कादंबरीची गोष्ट सांगत होता. कुठं अडखळला नाही, एक नाव चुकला नाही. आणि अगदी शेवटावर आल्यावर हे.

"हाय जी, पुस्तकातच हाय," तो म्हणाला. "म्या वाचलंय. दोनदा वाचलंय."

"मग काय लायब्ररीची प्रत खोटी?" वकीलसाहेबांनी मांडीवरचं पुस्तक उचलून दाखवलं. लाल कापडाची बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं. "ही बघ. तू म्हणतोस तसं यात काही नाही. कुणाकडून तरी ऐकलंस आणि पुढचं मनाचं जोडलंस."

माझं डोकं सणकलं. ते पुस्तक मीही वाचलं होतं, आणि रखमाजी सांगत होता तोच शेवट मलाही ठाऊक होता.

आता हे सगळं काय चाललं होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल एका कादंबरीच्या शेवटावरून हा म्हातारा, म्हणजे मी, आजही एवढा का तापतोय.

जुन्या जालन्यात एक मराठी लायब्ररी होती. तिथं मी ग्रंथपाल, म्हणजे पगारी नोकर. निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. मराठी वाचायचं तर आमच्या त्या दोन खोल्या आणि सहा कपाटं. लायब्ररी काढायची परवानगी मिळावी म्हणून वकीलसाहेबांनी कचेरीत दोन वर्षं चकरा मारल्या होत्या. ते अध्यक्ष होते आणि तो मान त्यांचाच होता. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यांना शिव्या घालायला लिहीत नाही. बरं, थोडं त्यासाठीही लिहितोय.

मेंबर लोक दारातून आत येत, कपाटातून पुस्तक काढत, पंधरा दिवस घरी नेत. बाकीचे रस्त्यावरच्या खिडकीशी येत. बाकीचे म्हणजे कोण, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना ठाऊक होतं. रखमाजी जातीनं महार. मूळचा कुंभार पिंपळगावचा, नदीपलीकडे एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेला, पस्तिशीतला माणूस. मी तेव्हा त्याला अरे-तुरे करायचो, म्हणून इथंही तसंच लिहितो. आता मागाहून सभ्यपणा कशाला दाखवू?

खिडकीचा एक नियम होता. बांधलेलं पुस्तक खिडकीतून द्यायचं नाही. द्यायचे ते सुटे फर्मे.

फर्मा म्हणजे काय ते सांगतो. छापखान्यात पुस्तक एकेक पान छापत नाहीत. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, मग कागद घडी घालून कापतात. त्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला फर्मा म्हणायचं. असे दहा-पंधरा फर्मे दोऱ्यानं शिवले की पुस्तक झालं. मुंबई-पुण्याकडून येणारी पुस्तकं पातळ कागदी वेष्टणाची असत. वीस हातांतून गेली की चिंध्या. म्हणून नवं पुस्तक आलं की मी त्याचा दोरा उसवायचो आणि फर्मे सुटे करायचो. मग ते दस्तगीरभाईंकडे जायचे. ते आमचे जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे. पण दस्तगीरभाईंकडे काम साचलेलं असायचं. तोवरच्या पंधरा-वीस दिवसांत हे सुटे फर्मे खिडकीतून फिरायचे. आज पहिला न्यायचा, उद्या तो देऊन दुसरा न्यायचा.

समितीतले शेठजी म्हणजे सरकीचे व्यापारी. नियम त्यांनीच सुचवलेला. त्यांचं म्हणणं, बांधलेलं पुस्तक लोक घरात नेतात, देवाजवळ ठेवतात, सगळ्यांचा हात कसा चालेल? सुटे फर्मे चालतील. पुढं ते शिकंज्यात दाबले जातात, कडा कापल्या जातात, नवी खळ लागते, मग पुस्तक कोरं होतं. म्हणजे रखमाजीचा हात लागलेलं पुस्तक दस्तगीरभाईंच्या शिकंज्यातून निघालं की पवित्र. आता बोला. आणि पाच शिकलेली माणसं यावर मान डोलवत होती. सहावा मी. रजिस्टरमध्ये नियम माझ्याच अक्षरात होता.

दर महिन्याला दाराबाहेरच्या फळ्यावर मी खडूनं लिहायचो: 'नवीन, वाचण्याजोगं'. खाली पुस्तकाचं नाव आणि दोन ओळी. ही माझी हौस होती. त्या महिन्यात मी तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. तिन्ही पुढच्या काळातल्या, यंत्रांच्या. मराठीत असलं काही तेव्हा फारसं येत नव्हतं. लोक म्हणायचे, न घडलेल्या गोष्टी कशाला वाचायच्या? मी म्हणायचो, राक्षसांच्या गोष्टी काय घडलेल्या आहेत का?

पहिली होती 'सव्वाशे मजल्यांचं गाव'. वरच्या मजल्यावरचे लोक जमीन कशी असते ते विसरलेले. मधे थोडी रेंगाळते, पण वाचावी. दुसरी 'यंत्राची पाटीलकी'. गावाचा पाटील म्हणून लोक एक यंत्र नेमतात आणि ते पहिल्याच साली लाच खायला शिकतं. हसून हसून पोट दुखतं. तिसरी 'प्रतवारीचं शहर'. तिच्यापुढं मी खडूनं दोन रेघा मारल्या होत्या.

जालना कापसाचं गाव. प्रतवारी काय हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. लांब धागा, मध्यम, आखूड आणि कचरा. त्या कादंबरीत दोनशे वर्षांनंतरचं एक शहर आहे. तिथं मूल जन्मलं की सातव्या दिवशी एका यंत्रात ठेवतात. यंत्र मुलाची प्रत ठरवतं आणि मनगटावर शिक्का उठतो. लांब धाग्याच्या मुलांना शाळा, हुद्दा, माडी. आखूड धाग्याला झाडलोट. कचऱ्याला शहराबाहेरची वस्ती. यंत्र चुकत नाही, असं सगळे मानतात. सगुणा नावाची आखूड शिक्क्याची एक बाई यंत्रघर झाडायला असते. यंत्रावरच्या सूचना बघून बघून ती गुपचूप वाचायला शिकते. एक दिवस झाडता झाडता ती यंत्राच्या मागची फळी काढते. आत पट्टा उंदरांनी खाल्लेला, चाकं गंजलेली. यंत्र साठ वर्षांपूर्वीच बंद पडलेलं आहे. मागं एक कारकून बसतो. तो बापाच्या मनगटावरचा शिक्का बघतो आणि तोच मुलाला मारतो.

सगुणा हे सगळ्या शहराला दाखवते. आता लोक चिडतील असं आपल्याला वाटतं. तर कचरा शिक्क्याचा एक म्हातारा पुढं होतो आणि तिला म्हणतो, बाई, बंद पडलंय म्हणू नको, मग माझा जन्म कशापायी गेला? लोक फळी पुन्हा ठोकून बसवतात. सगुणा आतच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकरं घेतलेल्या बायांची रांग यंत्रासमोर रोजच्यासारखी लागते. संपली कादंबरी.

मी ती वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

ते पार्सल स्टेशनवर आलं तेव्हा मला वेगळीच धास्ती होती. इंग्रजी मुलखातून आलेला माल करोडगिरीच्या नाक्यावर उघडून बघत. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. पुस्तकं दिसली की तिथला कारकून भुवया चढवायचा. त्या दिवशी त्यानं 'प्रतवारीचं शहर' चाळलं, मला विचारलं, "इसमें क्या है?" मी म्हटलं, "मशीनकी कहानी है." तो म्हणाला, "ले जाओ." सरकारी नाक्यावरून पुस्तक धडधाकट सुटलं. हे लक्षात ठेवा.

रखमाजी रोज दुपारच्या सुट्टीत पूल ओलांडून यायचा. हात तेलकट असायचे. खिडकीशी आला की आधी धोतराला पुसायचा, मग फर्मा घ्यायचा. एकही फर्मा त्यानं डाग पाडून परत केला नाही. मेंबरांच्या पुस्तकांत मला हळदीचे, चहाचे, पानाचे डाग सापडायचे, ती गोष्ट वेगळी.

त्याचं एकच दुखणं होतं. फर्मे पुरे फिरायच्या आत दस्तगीरभाईंचं बोलावणं यायचं आणि पुस्तक बाइंडिंगला जायचं. एकदा बांधलं की ते खिडकीला बंद.

"साहेब, बारा पुस्तकं वाचली म्या," तो एकदा म्हणाला. "त्यातल्या चारचाच शेवट ठावा हाय. आठ बुकांतली माणसं तशीच टांगून राह्यलीत माझ्या डोस्क्यात."

"मला तोंडी विचार की. मी सांगतो."

"तुम्ही सांगाल जी. पर मला वाचायचंय."

म्हणून 'प्रतवारीचं शहर' आलं तेव्हा मी दस्तगीरभाईंना निरोप पाठवला की अजून चार दिवस थांबा. त्या वाढीव चार दिवसांमुळं रखमाजीला तेराही फर्मे मिळाले. शेवटचा फर्मा खिडकीतून त्याच्या एकट्याच्याच हाती गेला. तो परत द्यायला आला तेव्हा रखमाजी लगेच माघारी फिरला नाही.

"मला मेंबर व्हायचंय," तो म्हणाला. "काय करावं लागतं?"

दरख्वास्त करावी लागते, मी सांगितलं. आणि शाळेचा दाखला नसेल तर परीक्षा. समितीसमोर एका पुस्तकाची गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायची, म्हणजे वाचता येतं हे सिद्ध होतं. हा नियम कागदावर सगळ्यांना होता. माझ्या नोकरीत ही परीक्षा कुठल्या आडत्याच्या पोराला द्यावी लागलेली मी पाहिली नाही, आणि त्यातल्या काहींना तर स्वतःची सही धड येत नव्हती. तरी मी रखमाजीला म्हटलं, कर दरख्वास्त, तू पास होशील. मला खरंच तसं वाटत होतं. एवढा मी भोळा.

दरम्यान फर्मे रिवाजाप्रमाणे वकीलसाहेबांकडे गेले. बाइंडिंगच्या आधी ते मोजून बघत, काही गहाळ नाही ना म्हणून. या वेळी फर्मे महिनाभर त्यांच्याकडेच राहिले. मग दस्तगीरभाईंकडून लाल कापडात बांधून पुस्तक आलं. मी शिक्का मारला, नंबर घातला, कपाटात ठेवलं. उघडून बघितलं नाही. वाचलेलं पुस्तक परत कशाला उघडायचं?

तर आता त्या खिडकीशी या.

"साहेब, ते पुस्तक मीही वाचलंय," मी उभा राहून म्हणालो. "रखमाजी सांगतोय ते बराबर आहे. यंत्र बंद असतं. लोक फळी परत ठोकतात."

"तुम्ही कधी वाचलंत?"

"फर्मे सुटे होते तेव्हा. सगळ्यांच्या आधी."

"मग तुमचीही आठवण चुकतेय," वकीलसाहेब म्हणाले आणि शेवटची पानं मोठ्यानं वाचू लागले. आवाज चांगला होता त्यांचा. त्यात काय होतं? यंत्र सुरू होतं, अगदी तेलपाणी केलेलं. मुख्य इंजिनियर तपास करतो आणि त्याला कळतं की यंत्र आजवर एकदाच चुकलं, सगुणा जन्मली त्या दिवशी. ती खरी लांब धाग्याची. एवढी हुशार बाई आखूड कशी असेल? तिचा शिक्का बदलतात. इंजिनियर तिच्याशी लग्न करतो. शहरात आनंदीआनंद.

खिडकीबाहेर रखमाजी गजाला धरून ऐकत होता. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. एवढ्या पुस्तकांमधून एकदाचा हाताला लागलेला शेवट, आणि तोही खोटा ठरवून राह्यले होते.

"जरा प्रत देता का?" मी म्हटलं.

वकीलसाहेबांनी नाखुशीनं दिली. मी शेवट उघडला आणि एका नजरेत कळलं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी एक बारीक आकडा छापलेला असतो. एक, दोन, तीन. बांधणाऱ्यानं क्रम चुकवू नये म्हणून. वाचणाऱ्याचं तिकडं लक्ष जात नाही. बारा फर्म्यांवर आकडे होते. तेराव्यावर नव्हता. कागद जास्त पांढरा. सोळाच्या जागी आठच पानं. आणि शेवटी 'समाप्त'च्या भोवती वेलबुट्टी, दोन कोपऱ्यांत कलश.

"हा फर्मा या पुस्तकाचा नाही," मी म्हणालो.

समितीत शाळेतले एक मास्तर होते. हिशेबी, सरळ माणूस. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चष्मा लावला, पान उजेडाकडे धरलं. "हे कलश," ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर होते. आपल्या बाजारातल्या छापखान्याचे आहेत हे."

वकीलसाहेबांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"हो," ते म्हणाले. "तो शेवट मी लिहिला. छापूनही मीच घेतला. त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

मला वाटलं होतं ते ओशाळतील. बिलकुल नाही. उलट समजावायला लागले. मूळ शेवट निराशेचा होता म्हणाले. तरुणांच्या मनावर वाईट परिणाम झाला असता. शिवाय सरकारी नजर आहे, राज्यातली कुठली व्यवस्था बंद पडली म्हणणं धोक्याचं. लायब्ररी बंद झाली असती. मी लायब्ररी वाचवली.

"करोडगिरीच्या कारकुनानं ते पुस्तक चाळून सोडलं होतं साहेब," मी म्हणालो. "सरकारला काही बोचलं नाही. तुम्हाला बोचलं. आणि ते यंत्राचं बोचलं नाही. बापाचा शिक्का बघून पोराला मारतात, ते बोचलं."

"तुम्ही नोकर आहात, हे विसरू नका."

"विसरलो नाही. दुसऱ्याच्या लेकराचे पाय कापून त्याला आपल्या मापाचे जोडे घालायचे आणि वर म्हणायचं, बघा कसा छान दिसतो. ज्यानं लिहिलं त्याला विचारलंत का?"

मास्तर म्हणाले, "शांत व्हा." मी झालो नाही. आजही झालेलो नाही.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. चढलेला नव्हता.

"मंग मला वाचता येतं का न्हाई, तेवढं सांगा जी."

खरा सवाल तोच होता. आम्ही आत भांडून राह्यलो होतो आणि ज्याची दरख्वास्त होती तो बाहेर उन्हात उभा होता. मी म्हटलं, आता संशय कसला? जो शेवट आख्ख्या जालन्यात तीन माणसांनी वाचलाय तो त्यानं तोंडपाठ सांगितला. एक मी, एक वकीलसाहेब, एक तो. वाचल्याशिवाय कसा सांगेल? आम्हा दोघांपैकी कुणी त्याला सांगितला नाही.

शेठजी इतका वेळ पान लावत होते. त्यांनी विडा तोंडात टाकला आणि विचारलं, "नियम काय म्हणतो?"

मी रजिस्टर वाचून दाखवलं. 'अर्जदाराने लायब्ररीच्या प्रतीतील मजकूर आरंभापासून शेवटापर्यंत सांगावा.'

"लायब्ररीच्या प्रतीतला," शेठजी म्हणाले. "त्यानं सांगितला का? नाही सांगितला. प्रतीत वेगळं आहे. वाचता येत असेल, आमचं काही म्हणणं नाही. पण परीक्षा नापास."

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, हा माणूस कायदा शिकलाय, एवढी लबाडी त्यालाही झेपणार नाही. पण ते म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या शेठजींचं बरोबर आहे."

मतं घेतली. चार विरुद्ध. मास्तरांनी हात वर केलाच नाही, इकडं नाही आणि तिकडंही नाही. पुस्तक मांडीवर घेऊन ते त्या कलशांकडे बघत बसले. मला त्या दिवशी चौघांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. ज्याला कळत नाही त्याला काय बोलणार? यांना कळत होतं.

"लिहा," वकीलसाहेब मला म्हणाले. "दरख्वास्त नामंजूर. कारण, अर्जदारास वाचता येत नाही."

"हे मी लिहिणार नाही."

"का?"

"खोटं आहे म्हणून. त्याला वाचता येतं असं शेठजी आत्ताच म्हणाले."

"मग नियमाप्रमाणे मजकूर सांगितला नाही, असं लिहा."

मी टाक बुडवला आणि लिहिलं. 'अर्जदाराने पुस्तकाचा खरा शेवट सांगितला. तो लायब्ररीच्या प्रतीत नाही. सबब दरख्वास्त नामंजूर.' खाली सही केली. रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढं ठेवलं. ते वाचून वकीलसाहेबांचे कान लाल झाले. खोडायचं तर खोडाखोडीवर पाचही जणांच्या सह्या लागत, आणि मास्तर म्हणाले, "मी खोडायला सही देणार नाही." तेवढं केलं त्यांनी.

मी खिडकीशी गेलो. रखमाजीनं सगळं ऐकलंच होतं.

"जाऊ द्या साहेब," तो म्हणाला. "फॅक्टरीचा भोंगा होऊन राह्यला. जातो म्या."

"तुला काही वाटत नाही का?" मी चिडून विचारलं. त्याच्यावर चिडायचं कारण नव्हतं.

"वाटतं की. पर तुम्हाला आज कळलं म्हणून तुम्हाला जास्त वाटून राह्यलं." आणि तो गेला.

महिना संपायच्या आत माझी नोकरी गेली. कारण दिलं, कामात शिस्त नाही. माझा त्यावर काही दावा नव्हता. पण शेवटच्या आठवड्यात रखमाजी पुन्हा खिडकीशी आला. हातात शाळेच्या वहीची पानं, दोऱ्यानं शिवलेली. मोजून सोळा.

"हे घ्या. तेरावा फर्मा," तो म्हणाला. "आठवून आठवून लिहिलाय. शब्दाला शब्द न्हाई, पर चुकलं बी न्हाई."

मी तिथंच वाचला. अक्षर मोठं, गोल, फिटरनं कानशीनं घासल्यासारखं. म्हातारा सगुणेला काय म्हणतो ते होतं. फळी ठोकल्याचे आवाज होते. सकाळची रांग होती. मूळच्यात असलेली दोन वाक्यं राहिली होती. एक वाक्य मूळच्यात नव्हतं, पण असायला हरकत नव्हती. तळाला, पहिल्या पानावर, त्यानं बारीक आकडा टाकला होता. तेरा.

पुस्तक आणि ती पानं घेऊन मी दस्तगीरभाईंकडे गेलो. ते शिकंज्याचा स्क्रू फिरवत होते. सगळी हकिकत ऐकून घेतली.

"वकीलसाहेबांचा फर्मा काढायचा?"

"काढा."

"आणि हा कुणी लिहिला?"

"फिटरनं."

त्यांनी पानं उलटून बघितली. "हात अच्छा है," म्हणाले आणि कामाला लागले. मजुरी घेतली नाही. वकीलसाहेबांची आठ पानं त्यांनी पुठ्ठ्याच्या आत डकवायला बाजूला ठेवली. कागद चांगला होता.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी ते पुस्तक कपाटात त्याच्या जागी ठेवलं. या वेळी आधी शेवट उघडून बघितला.

पुढं मी परतूरकडे एका पेढीवर कामाला लागलो. तीन-चार वर्षांनी मास्तर स्टेशनवर भेटले. म्हणाले, ते पुस्तक फार फिरतंय. छापील पानं फाटली असतील म्हणून कुणीतरी हातानं लिहून जोडलीत, असं लोक धरून चालतात. वकीलसाहेबांनी परत उघडलंच नाही. आपणच लिहिलेला शेवट कोण वाचतो? शेठजींच्या सुनेनं मात्र तो वाचला आणि डोळे पुसत मास्तरांना विचारलं, एवढं सुंदर अक्षर कुणाचं हो?

"तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

मास्तर गाडीकडे बघत राहिले. "माहीत नाही म्हणालो."

ते पुस्तक शेठजींच्या घरात देवाजवळ होतं की नाही, मी विचारलं नाही. रखमाजीला मेंबर केलं नाहीच. फॅक्टरी बंद पडल्यावर तो मनमाडकडे गेला, एवढं कळलं. त्यानं लिहिलेली सोळा पानं लायब्ररीच्या आत गेली, कपाटात बसली, घराघरात हिंडली. त्याला स्वतःला त्या दारातून एकदाही आत पाऊल टाकता आलं नाही.

नवे ग्रंथपाल कधी सल्ला विचारतात. मी त्यांना एवढंच सांगतो. पुस्तक बाइंडिंगहून आलं की शेवटापासून तपासा. आणि नियम लिहून घ्यायला सांगितला, तर टाक बुडवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचून बघा. मी दोन्ही वेळा घाई केली होती.